मागची डावी पाकळी

१२ ऑगस्ट १९९६

पुण्याहून परत आल्यावर वही लिहायचं सोडलं होतं. आज पुन्हा घेतली, कारण सरांच्या खोलीतून बाहेर पडताना जे वाटलं ते घरी सांगण्यासारखं नाही.

वही देवनागरीत आहे, म्हणजे कुलपात असल्यासारखीच आहे. आमच्या घरात बोलतात मराठी, पण वाचतात तमिळ आणि इंग्रजी. अप्पांना ही अक्षरं येत नाहीत. धाकट्या बहिणीला, कीर्तनाला, एकेक अक्षर जुळवत वाचता येतं, पण तेवढा धीर तिला नाही. मी एम.एस्सी.ला पुण्यात असताना हे लेखी मराठी उचललं. तिथल्या मुली माझ्या तंजावरी बोलण्याला हसायच्या. अक्षराला कोणी हसलं नाही.

आजची गोष्ट अशी. नटराज सर, आमच्या भूगर्भशास्त्र विभागाचे प्रमुख आणि माझे गाइड, म्हणाले, "अम्मा, तुमच्या पीएच.डी.ची मुदत फेब्रुवारीत संपते. दोनदा वाढवली, आता नियमात बसत नाही. पोंगलनंतर आपल्याकडे सेमिनार आहे. बाहेरची माणसं येणार. त्यांच्यासमोर काम टिकलं तर मी सही करतो."

"आणि नाही टिकलं तर, सर?"

"तर शिकवत राहा. शिकवणं काही वाईट काम नाही."

माझी पद्धत त्यांना कधीच पटलेली नाही. ते कॅलिपरवाले. दगड हातात घ्यायचा, चिमट्यात धरायचा, लांबी-रुंदी लिहायची. मी ठिपक्यांवर काम करते, म्हणून मला 'पुळ्ळी अम्मा' म्हणतात. पुळ्ळी म्हणजे ठिपका. शिपाईसुद्धा आता तेच म्हणतो.


१३ ऑगस्ट

काल रागात कामाबद्दल काहीच लिहिलं नाही. पुढेमागे ही वही कोणी वाचली तर त्याला कळावं म्हणून लिहिते.

कोळ्ळिडम नदी ओलांडून बसने अरियलूरकडे गेलं की जी कोरडी, भेगाळलेली जमीन लागते तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात लिंबाएवढे सी अर्चिन, म्हणजे गोल कवचाचे काटेरी प्राणी, राहायचे. ते मेले, चिखलाचा दगड झाला, त्यांचाही झाला. पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल असतं, म्हणून घरात आम्ही त्यांना फुलदगड म्हणतो. एक पाकळी पुढे, दोन बाजूंना, दोन मागे.

मला त्या फुलाचा आकार मोजायचा आहे. नुसती लांबी नाही, सगळा आकार. त्यासाठी प्रत्येक दगडाचा वरून फोटो काढते. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून ठरलेल्या जागी ठिपके देते: पाकळीचं मूळ, पाकळीचं टोक, कडेच्या खाचा. प्रत्येक ठिपक्याला नंबर, आणि एक नंबर सगळ्या दगडांवर एकाच जागी. मग आलेख कागदावरून आकडे काढून कॉम्प्युटरला द्यायचे. कॉम्प्युटर सगळ्या आकृत्या लहानमोठ्या करून, सरकवून, फिरवून एकमेकींवर बसवतो. एवढं करूनही जे जुळत नाही, तो आकारातला खरा फरक.

माझे दगड दोन ठिकाणचे आहेत, एका ओढ्यातले आणि सिमेंटच्या नव्या खाणीतले. ओढ्याचे माझे करून झाले. खाणीचे सगळे ट्रे बाकी आहेत आणि कॉलेजने मला दोन वर्ग जास्तीचे दिले आहेत.


१८ ऑगस्ट

अप्पा म्हणाले, "मजकडे दे गे तें काम."

अप्पा, म्हणजे व्यंकटरमण राव, पब्लिक वर्क्समधून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. कावेरीच्या निम्म्या कालव्यांचे नकाशे त्यांच्या हातचे. आई गेल्यापासून सकाळी पेपर वाचतात, संध्याकाळी देवळात जातात, आणि मधला दिवस त्यांना सरता सरत नाही.

कीर्तना म्हणाली, "अप्पा, हे कालवे नव्हत. पाणी येणार नाहीं यांतून."

"तुझ्या कॉम्प्युटरांतून येतें कां पाणी?"

ती दक्षिण वीदीवरच्या, म्हणजे दक्षिणेच्या रस्त्यावरच्या, कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवते. दोन वर्षांत गावात अशी सेंटरं इतकी निघाली की मेसपेक्षा जास्त झाली असतील. आकडे ती तिथे टाइप करून फ्लॉपीवर आणून देणार आहे.

अप्पांना नमुन्यासाठी माझा एक पूर्ण कागद द्यायला हवा होता, पण ते सगळे सरांच्या कपाटात आणि चावी सरांकडे. माझ्यावर तेवढाही विश्वास नाही. मग तोंडीच सांगितलं. पुढच्या पाकळीपासून सुरुवात करायची, ओळीने फिरत एकेक पाकळी घ्यायची, पुन्हा पुढे येऊन थांबायचं. अप्पांनी मान हलवली. पेन्सिलीला ब्लेडने टोक केलं. त्यांना एवढं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.


१ सप्टेंबर

अप्पांबरोबर मोठ्या देवळात गेले. दगड इतका तापलेला की नंदीजवळून उजव्या हाताला वळून सावलीच्या ओवरीतून पटकन पुढे जावं असं मला वाटलं. चार पावलं गेले असेन.

"शांभवी! उलटी कुठें चाललीस?"

"अप्पा, पाय भाजतात."

"भाजूं देत. देव उजव्या हातास असावा. उलटें फिरायला काय कोणी मेलें आहे?"

मग पूर्ण प्रदक्षिणा, तापल्या दगडावरून. सगळं करून घरी आल्यावर ते हातपाय धुऊन कामाला बसले. मी बाजूला बसून पाहत होते. देवळात चालतात तसेच दगडाभोवती फिरतात, सावकाश, एकही ठिपका न चुकवता. मी उजेडासमोर धरून दहा-बारा कागद तपासले. प्रत्येक ठिपका जिथे हवा तिथेच. माझ्यापेक्षा सुबक.


२० ऑक्टोबर

आयुधपूजा. विभागात सगळ्या अवजारांना कुंकू लावलं. हातोड्या, चाळण्या, सरांचा जुना कॅलिपर. सरांनी स्वतः कॉम्प्युटरच्या पडद्यालाही बोट लावलं आणि म्हणाले, "अम्माच्या आयुधाला राहायला नको." सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

कॉम्प्युटरखाली नवा यूपीएस बसवलेला दिसला. वीज गेली तरी चालू राहील. सर म्हणाले, कार्यालयाच्या पत्रांसाठी घेतला. पत्रं तर अजून टाइपरायटरवर होतात.


२ नोव्हेंबर

दोन घोळके!

नीट लिहिते. आज फ्लॉपी आली, सगळं एकत्र चालवलं. प्रत्येक प्राण्याचा कागदावर एक ठिपका येतो. सारखे आकार जवळजवळ पडतात, वेगळे लांब. कागदावर एक घोळका डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये रिकामी जागा. डावीकडे सगळे ओढ्यातले. उजवीकडे सगळे खाणीतले. एकही इकडचा तिकडे नाही.

फरक कुठे आहे तेही पाहिलं. ओढ्यातल्यांची मागची डावी पाकळी किंचित लांब आहे, खाणीतल्यांची मागची उजवी. डोळ्यांना दिसणार नाही इतका फरक, पण प्रत्येकात आहे. म्हणजे दोन जाती. ओढ्यातली पुस्तकात आहे. खाणीतली कुठेच नाही.

नवी जात सापडली की तिला नाव देण्याचा मान सापडणाऱ्याचा. मी घरी येऊन जेवताना सांगितलं की मी तिला अप्पांचं नाव देणार.

कीर्तना ओरडली, "अय्यो! अप्पा आतां अधिकृत फॉसिल!"

अप्पांनी भातावर ताक घेतलं, कालवलं, पुन्हा ताक घेतलं. संध्याकाळी भाजी आणायला निघाले ते इस्त्रीचा सदरा घालून.


१० नोव्हेंबर, दिवाळी

आमच्या मेल वीदीत एकही घर उरलं नाही. फराळ द्यायला येईल त्याला अप्पा सांगतात. शेजारच्या शेषम्मामामींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दगडास नांव देतात म्हणजे पुतळा कीं काय गे?"


२७ नोव्हेंबर

सेमिनारसाठी सारांश दिला. छापायला गेला. शीर्षकातच दोन जाती आहेत. सर वाचून म्हणाले, "ठाम लिहिलंय."

"ठाम आहे, सर."

"हं," म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ लावायचं मी सोडून दिलं आहे.


९ डिसेंबर

सकाळपासून पाऊस आणि हा दिवस.

सरांनी बोलावलं. टेबलावर खाणीचा एक ट्रे काढून ठेवला होता. "तुमचा नवा प्राणी दाखवा."

मी एक दगड दिला.

"कोणती पाकळी लांब?"

"मागची उजवी, सर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कॅलिपर लावला, वाचलं. पुन्हा लावलं. मग कॅलिपर माझ्या हातात दिला. "तुम्ही मोजा."

डावी लांब होती.

मी म्हटलं, एखादा वेगळा असू शकतो. त्यांनी दुसरा दिला. डावी. तिसरा मी स्वतः ट्रेच्या कोपऱ्यातून निवडला. डावी. पाचव्यानंतर मी कॅलिपर खाली ठेवला.

"कॉम्प्युटर म्हणतो उजवी," सर म्हणाले. "दगड म्हणतो डावी. दोघांपैकी सेमिनारला कोणाला बोलवू, सांगा अम्मा."

मी दगड ट्रेमध्ये परत ठेवले. उठताना त्यांनी खिशातून कपाटाची चावी काढून टेबलावर ठेवली. "ही आता तुमच्याकडे असू दे." म्हणजे ट्रेचं पुढे काय होईल त्याची जबाबदारी माझी. हात झटकले.

घरी कोणाला सांगितलं नाही. अप्पांनी विचारलं, "काय गे, ताप आला?" मी हो म्हटलं. त्यांनी मिरियाचा कषाय, म्हणजे काढा, करून दिला. तो प्यावा लागला.


११ डिसेंबर

सापडलं. निदान अर्धं सापडलं.

अप्पांनी नोकरीत असताना काच आणि खाली दिवा असं एक टेबल घरीच बनवलं होतं. दोन नकाशे जुळवायला त्यावर ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवायचे आणि फिरवत फिरवत रेषेवर रेष आणायची. कॉम्प्युटर माझ्या आकृत्यांचं तेच करतो. आज कॉलेजात बसून मी तो प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. मीच लिहिला आहे, एका परदेशी लेखाच्या झेरॉक्सवरून. त्यात एक गोष्ट राहिली होती. कागद सरकवायला, फिरवायला परवानगी हवी. पण पालथा घालायला नको. पालथा घातला की डावं ते उजवं होतं. मी ती मनाई घालायला विसरले होते.

मग कॉम्प्युटरला विचारलं, कोणते कागद तू पालथे घातलेस? यादी आली. ओढ्याचा एकही नाही. खाणीचे झाडून सगळे.

म्हणजे कॉम्प्युटरला ते पालथे घातल्याशिवाय जुळतच नव्हते. का? फोटो सरळच धुतलेले आहेत, दगडाशी ताडून पाहिले. ठिपके जागेवर आहेत, मी तपासले आहेत. आकडे टाइप करताना कीर्तना एवढी चूक एवढ्या नियमाने करणार नाही. चुकीला नियम कुठून येतो?

उद्या अप्पांना विचारते. त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने.


१२ डिसेंबर

जे बोलणं झालं ते जसंच्या तसं.

"अप्पा, हा कागद बघा. ह्या पुढच्या पाकळीपासून निघालात. मग कुठली घेतलीत?"

"पुढची."

"पुढची म्हणजे कुठल्या बाजूची?"

"कुठल्या म्हणजे? उजवी. मग मागची उजवी, मग मागची डावी, मग ही, आणि आलों परत. तूंच सांगितलेंस, फिरत ये म्हणून."

"मी पुस्तकाप्रमाणे डावीकडून फिरत्यें, अप्पा."

त्यांनी चष्मा काढला. "डावीकडून? अप्रदक्षिणा? तें मढ्याभोवतीं फिरतात तसें?"

"अप्पा, हे मेलेलेच आहेत. कोट्यवधी वर्षं झालीं."

"म्हणून काय झालें? मेल्यास मान नको?"

कीर्तना आतून म्हणाली, "सुतक धरायचें कां मग?"

मला हसू आलं, आणि मग कळलं. इतके महिने मी त्यांना दिशा सांगितलीच नव्हती, आणि कागद तपासताना ठिपक्यांच्या जागा पाहिल्या, नंबरांचा क्रम पाहिलाच नाही. माझ्या डोक्यात एकच दिशा होती, त्यांच्या डोक्यात एकच. दोघांनाही दुसरी असते असं वाटलंच नाही.

मग मी सगळं सांगितलं. सरांचा कॅलिपर, पालथे कागद, दोन घोळके. अप्पा ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे नवी जात?"

"कदाचित नाहीं, अप्पा."

"शरि, बरें," म्हणाले. उठून पेन्सिली डब्यात भरल्या, सगळ्या टोकं एका बाजूला करून.


१४ डिसेंबर

अप्पांच्या दगडांचे नंबर कॉम्प्युटरमध्ये उलटे करून घेतले. त्याला काही वेळ लागत नाही. पालथं घालायची मनाईही घातली. पुन्हा चालवलं.

एकच घोळका. ओढ्यातले आणि खाणीतले एकमेकांत मिसळलेले, डाळतांदूळ मिसळावेत तसे. एक जात. पुस्तकातली.

चहावाल्या पोराने ग्लास ठेवला तो तसाच गार झाला. छापलेल्या सारांशात दोन जाती आहेत आणि त्याच्यावर माझं नाव आहे. मेल वीदीत अप्पांचं.


१५ डिसेंबर

रविवार असून कॉलेजात गेले. चावी आहे म्हणून जाता तरी येतं.

काल नुसता घोळका मोजून घरी आले होते. आज सगळ्यांचा मिळून सरासरी आकार काढला आणि तो पाहत बसले. मागची डावी पाकळी अजूनही लांब आहे.

हे आधी ओढ्यातल्यांचं वैशिष्ट्य वाटलं होतं. आता दिसतं की ते सगळ्यांचंच आहे. दोन ठिकाणचे, दगडात वाट्टेल त्या दिशेला पडलेले, लहान, मोठे, सगळ्यांची डावी. पुस्तकं म्हणतात, हा प्राणी दोन्ही बाजूंनी सारखा. आकृत्या काढणाऱ्यांनी एक बाजू काढून दुसरीकडे तीच उलटवली असणार. कोणी सगळ्या ठिपक्यांनी मोजलंच नव्हतं.

नवी जात नाही. पण ही जात जशी आहे असं सगळे समजतात तशी ती नाही, आणि हे आधी कोणाला माहीत नव्हतं.

खोलीत कोणी नव्हतं. मी मोठ्याने "अय्यो" म्हणाले.


१६ डिसेंबर

सरांना सांगितलं. सगळं, अप्पांच्या प्रदक्षिणेसकट. वाटलं होतं, हसतील. त्यांनी कॅलिपर घेतला आणि माझ्यासमोर खाणीचा आख्खा ट्रे मोजला. मग ओढ्याचा. संध्याकाळ झाली.

"डावी," म्हणाले. "तीस वर्षं हे दगड हातात आहेत माझ्या."

मी सारांश मागे घेण्याचं विचारलं. "छापून झालाय. उभं राहून सांगा, सारांश चुकला. का चुकला तेही सांगा."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय कानात?"

आणि माझं भाषण जेवणानंतरचं पहिलं ठेवलं आहे, म्हणजे लोक भात जिरवत पेंगतील तेव्हाचं. सकाळची वेळ मागितली तर म्हणाले, कलकत्त्याच्या बाईंची गाडी दुपारपर्यंत पोचत नाही. त्या बाई या प्राण्यांवर देशात सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या गाडीचा आणि माझ्या भाषणाचा काय संबंध ते मला कळलं नाही.


१४ जानेवारी १९९७, पोंगल

अप्पा दिवाळीपासून ज्या ज्या घरी नवी जात सांगून आले होते त्या त्या घरी गोड पोंगल घेऊन गेले आणि ती नाही असं सांगून आले. मी म्हटलं, गरज नव्हती. म्हणाले, "नकाशा चुकला तर दुरुस्त नकाशाही सगळ्या कचेऱ्यांस पाठवावा लागतो."

शेषम्मामामींना पुतळा नाही याचं दुःख झालं.


२२ जानेवारी

उद्या सेमिनार. सरांनी शिपायाकरवी अप्पांच्या नावाने निमंत्रण पाठवलं, छापील, पाकिटात. खुर्च्या भरायला माणसं कमी पडत असावीत.


२३ जानेवारी

विसरायच्या आत सगळं लिहून काढते.

हॉल भरला होता. अप्पा वेष्टी-अंगवस्त्रात दुसऱ्या रांगेत. कीर्तना सेंटरला सुटी टाकून आलेली. कलकत्त्याच्या बाई अगदी पुढे, पिकलेले केस, मांडीवर उघडी वही. जेवून आलेले इतर सगळे खरंच पेंगत होते.

मी पहिलंच वाक्य बोलले, "तुमच्या हातातला माझा सारांश चुकीचा आहे." पेंगणारे जागे झाले.

मग दोन घोळके दाखवले. ते का पडले ते सांगितलं. प्रदक्षिणेचं सांगितलं तेव्हा मागून मोठा हशा आला. सर हसले नाहीत. प्रोजेक्टरवर पुढची पारदर्शक पट्टी लावली, एकच घोळका. मग सरासरी आकृती. मागची डावी पाकळी.

प्रश्नांना पहिल्या बाईच उठल्या. आवाज मऊ, प्रश्न अजिबात मऊ नव्हता.

"एक शंका. ठिपके देताना हात गोल फिरतो. मागच्या दोन पाकळ्यांपैकी जी आधी येते तिथे हात मोकळा असतो, टोक लांब धरलं जातं. दुसरीला येईपर्यंत आखडतो. तुम्ही डावीकडून फिरलात. डावी आधी आली. डावी लांब निघाली. ही प्राण्याची सवय की तुमच्या हाताची?"

मी हातातले कागद चाळले. कॅलिपरचे आकडे होते, पण थोड्याच दगडांचे. आणि मग उत्तर समोरच बसलेलं दिसलं, दुसऱ्या रांगेत, अंगवस्त्र सावरत.

"मॅडम," मी म्हटलं, "मी डावीकडून फिरले. पण निम्मे दगड मी केलेले नाहीत. ते दुसऱ्या हाताने केले, आणि तो हात उजवीकडून फिरला. त्याला मागची उजवी पाकळी आधी येत होती. ही हाताची सवय असती तर त्या दगडांवर उजवी लांब निघाली असती. त्यांच्यावरही डावीच लांब आहे."

बाई उभ्याच होत्या. खाली पाहिलं, वहीत काहीतरी काढलं, बहुधा पाच पाकळ्या, आणि बोटाने एकदा इकडून, एकदा तिकडून फिरून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला, अगदी लहान मुलीसारखा.

"आम्ही सगळे एकाच दिशेने मोजतो," त्या म्हणाल्या. "पुस्तकात लिहिलंय म्हणून. त्यामुळे हे आम्हाला कधी तपासताच आलं नसतं. तुम्ही चुकून जे केलंत ते यापुढे मुद्दाम करावं लागेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगणार आहे." आणि मग, "तो दुसरा हात इथे आहे का?"

मी बोलायच्या आत सर उठले. अख्ख्या सेमिनारात ते एकदाही उठले नव्हते. मागे वळून म्हणाले, "श्री. व्यंकटरमण राव. पब्लिक वर्क्स, निवृत्त."

अप्पा उभे राहिले. हात जोडले. टाळ्या वाजल्या तेव्हा ते आजूबाजूला पाहू लागले, कोणासाठी ते कळेना. कीर्तनाने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. एरवी अप्पांनी तिला तिथेच झापलं असतं.

बाई जाताना म्हणाल्या, प्रबंध झाला की परीक्षणाला माझ्याकडे पाठवा. सर म्हणाले, "पाठवतो. सही उद्याच करतो." मग माझ्याकडे न बघता, "पुळ्ळी अम्मा, कपाटाची चावी परत द्यायची नाही."

द्यायची नाही, तर नाही. सरांना अजूनही ठिपके आवडत नसावेत, पण निदान आडवे येणार नाहीत.

रिक्षात अप्पांनी विचारलं, "बाई काय म्हणाल्या, अर्धे दगड उलटे मोजावे?"

"अर्धे सुलटे, अप्पा. उलटे आम्हीच मोजत होतों."

मग घर आलं. पायऱ्या चढताना म्हणाले, "ओढ्यांतले दगड मजकडे आण. तेही सुलटे करून ठेवूं. आणि खाणींतले तूं कर, तुझ्या बाजूनें. अर्धवट नकाशा देऊं नये."

प्रबंधात ती पद्धत दोन स्तंभांत लिहिणार. एकाचं शीर्षक 'पुस्तकाचा क्रम', दुसऱ्याचं 'व्यंकटरमण क्रम'. अप्पांना अजून सांगितलेलं नाही. छापून आल्याशिवाय सांगणार नाही, नाहीतर उद्या मेल वीदीत बातमी होईल.


२४ जानेवारी

सही झाली.

संध्याकाळी अप्पांबरोबर मोठ्या देवळात. ऊन उतरलेलं, दगड कोमट. नंदीपाशी मी थांबले.

"कां गे थांबलीस?"

"विचार करत्यें. तुम्ही सुलटे जा, मी उलटी येत्यें. पडताळा होईल."

"देवळांत नक्को," अप्पा म्हणाले. "इथें पडताळा लागत नाहीं."

मग मी त्यांच्या मागून, देव उजव्या हाताला ठेवून. चालताना लक्षात आलं की अप्पा डावा पाय किंचित लांब टाकतात. सगळा जन्म एकाच बाजूने फिरल्यामुळे असेल. किंवा नुसता माझ्या डोळ्यांचा खेळ.

एका माणसावरून काही लिहू नये. उद्या कीर्तनाला चालायला लावून मागून बघते.